मोटारीच्या पोटाखालचा खडखडाट

एकोडीसारख्या गांवांत चारचाकी मोटार ही आतां कौतुकाची वस्तु राहिलेली नाहीं. धानाच्या बांध्यांच्या कडेनें साकोलीस जावयाचें असो, तेथून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून भंडारा किंवा नागपूर गांठावयाचें असो, लग्नाचें वऱ्हाड असो कीं अपरात्रीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी असो, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकीं कोणाची तरी गाडी दाराशीं येऊन उभी राहते. ह्या गाड्यांपैकीं पुष्कळशा वापरलेल्या स्थितींत विकत घेतलेल्या असतात. आणि जुन्या गाडीचा जो भाग लवकर गंजून जातो तो म्हणजे तिचा सायलेन्सर. कंपनीचा नवा सायलेन्सर महाग पडतो, म्हणून मालक बाजारांत मिळणारा, दुसऱ्याच कोणीं बनविलेला सायलेन्सर बसवून घेतो. पहिले दोन दिवस समाधानांत जातात. तिसऱ्या दिवशीं गाडीच्या पोटाखालून खड् खड् असा आवाज येऊं लागतो, आणि मग तो कांहीं केल्या जात नाहीं.

एवढ्याशा व्याधीवर लेख कशास लिहावा, असें वाचकांपैकीं कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर असें कीं, वरच्या इयत्तांतील विद्यार्थी उष्णतेनें होणारें प्रसरण, कंपन व अनुनाद हे विषय पुस्तकांत वाचतात, उत्तरपत्रिकेंत लिहितात आणि विसरतात. तेच तिन्ही विषय येथें एका गंजक्या नळीच्या रूपानें घरच्या अंगणांत उभे असतात. परंतु ह्याहून मोठें कारण दुसरें आहे. हा आवाज बंद करण्याचे जे उपाय आमच्याकडे सर्रास केले जातात त्यांपैकीं कांहीं मूळ दुखण्याहून वाईट आहेत, आणि त्यांचा परिणाम मागच्या बाकावर झोंपीं गेलेल्या मुलांना भोगावा लागतो. तो कसा, हें ओघानें येईलच.

प्रथम गाडीच्या खालीं काय असतें तें पाहूं. इंजिनाच्या सिलिंडरांत इंधन जळतें आणि जळून उरलेला ऊन वायु मोठ्या दाबानें बाहेर पडतो. तो तसाच मोकळ्या हवेंत सोडला तर प्रत्येक वेळीं बंदुकीच्या बारासारखा आवाज होईल. चार सिलिंडरांचें इंजिन गाडी उभी असतांना मिनिटास सुमारें ८०० फेरे घेतें; दर फेऱ्यास दोन बार, म्हणजे मिनिटास १६००, सेकंदास सुमारें २७. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरांच्या गाडींत हीच संख्या सेकंदास २० येते. हा मारा सौम्य करण्यासाठीं सायलेन्सराची योजना आहे. अमेरिकेंतील मिल्टन व मार्शल रीव्ह्ज ह्या बंधूंनीं १८९७ सालीं अशा साधनाचें पेटंट घेतलें. त्यामागचें तत्त्व आजही बदललेलें नाहीं: अरुंद नळींतून आलेला वायु एका रुंद डब्यांत शिरला कीं पसरतो व त्याचा दाब उतरतो, डब्याच्या आंतील पडद्यांवर आणि भोकें पाडलेल्या नळ्यांवर ध्वनीच्या लाटा आपटून मागें फिरतात व एकमेकींस बऱ्याच अंशीं खाऊन टाकतात.

सायलेन्सराच्या पुढें, इंजिनाजवळ, आणखी एक डबा असतो. त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची ठोकळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मूल्यवान् धातूंचा पातळ लेप असतो. त्याच्या योगानें विषारी वायूंचें निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतें. आपल्या देशांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून बसवूं लागले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर त्याच्या जोडीस अनेक सेन्सरही आले. ह्या तापणाऱ्या नळ्यांची धग गाडीच्या तळास लागूं नये म्हणून मध्यें ठिकठिकाणीं पातळ पत्र्याच्या झांपा बसविलेल्या असतात. मिस्त्री त्यांना हीट शील्ड म्हणतात.

आतां मुख्य गोष्ट. हा दोनअडीच मीटर लांबीचा पसारा गाडीच्या तळास बोल्टांनीं घट्ट आवळलेला नसतो. पुढचें टोंक तेवढें इंजिनास बांधलेलें. बाकीची सर्व नळी रबराच्या जाड कड्यांमध्यें, पाळणा टांगावा तशी, टांगलेली असते. असें कां करावें लागतें, हें ज्यास समजलें त्यास खडखडाटाचें निम्में निदान समजलें.

नळी एकाच जागीं स्थिर राहूंच शकत नाहीं. तिला हलविणारीं कारणें तीन. पहिलें उष्णता. एक मीटर लांबीची साध्या पोलादाची नळी एक अंश सेल्सिअसनें तापली म्हणजे सुमारें ०.०१२ मिलिमीटर वाढते. समजा, नळी अडीच मीटर लांब आहे आणि इंजिनाजवळ फार व शेपटाकडे थोडी अशी, सरासरीनें ३०० अंश तापली. २.५, ०.०१२ व ३०० ह्यांचा गुणाकार करा: उत्तर ९ मिलिमीटर. स्टेनलेस पोलादाच्या ज्या जाती प्रति मीटर प्रति अंश ०.०१७ मिलिमीटर वाढतात त्यांची नळी असेल तर वाढ पावणेतेरा मिलिमीटरांवर जाते. पुढचें टोंक बांधलेलें असल्यामुळें ही सगळी वाढ मागच्या बाजूस सरकते. गॅरेजांत थंड गाडी पाहून ज्या जागीं अर्ध्या बोटाचें अंतर दिसलें तेथें साकोलीस पोंचेपर्यंत अंतर उरलेलें नसतें.

दुसरें कारण इंजिनाची डुलकी. इंजिनही रबरी बैठकींवर बसविलेलें असतें आणि अॅक्सिलरेटर दाबतांच तें एका बाजूस झुकतें. पुढचीं चाकें ओढणाऱ्या लहान गाड्यांत इंजिन आडवें बसविलेलें असल्यामुळें तें पुढेंमागें झुकतें आणि नळीस ढोसतें. ह्याकरितां पुढच्या भागांत पोलादी जाळीनें मढविलेली लवचिक नळी, किंवा दोन स्प्रिंगांवर दाबून धरलेला गोलाकार सांधा, बसवावा लागतो. तिसरें कारण रस्ता. गतिरोधकावर मागचा आंस वर उचलला जातो. मागच्या बाकावर तीन माणसें आणि डिकींत तांदुळाचें पोतें असेल तर तो मुळांतच वर चढलेला असतो, आणि सायलेन्सराची नळी पुष्कळ गाड्यांत नेमकी त्या आंसावरूनच वळसा घेऊन जाते. ह्या तिन्ही हालचालींना जागा मिळावी म्हणून नळीच्या चहूंकडे निदान एक बोट, म्हणजे १५ ते २० मिलिमीटर, मोकळें अंतर असावें असा चांगल्या मिस्त्रींचा दंडक आहे.

हें अंतर संपलें कीं नळी तळास टेकते. पण एवढीशी नळी टेकल्यानें सगळी गाडी दणाणते ती कां? आपल्या भंडाऱ्याचीं पितळी भांडीं प्रसिद्ध आहेत. कासाराच्या दुकानांतील मोठ्या गुंडास बोटाच्या नखानें टिचकी मारली तरी तो किती वेळ घुमतो, हें सर्वांनीं ऐकलें आहे. तोच गुंड धान्यानें भरला कीं टिचकी विरून जाते. मोटारीचा तळ हा एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचा, चारी कडांनीं ताणून धरलेला पोकळ पत्रा आहे. सेकंदास वीस-सत्तावीस वेळां त्याच्यावर टिचक्या पडूं लागल्या म्हणजे तो मृदंगाच्या पुडीप्रमाणें बोलूं लागतो. इंजिनाच्या बारांची किंवा त्यांच्या पटींतील एखाद्या कंपनाची गति आणि पत्र्याची स्वतःची कंपनगति जुळली तर अनुनाद होतो. म्हणूनच एका विशिष्ट वेगाला आवाज भयंकर वाढतो आणि पाय थोडा अधिक दाबला कीं नाहींसा होतो. ह्यांतून एक व्यावहारिक धडा निघतो तो असा कीं, आवाज जेथें ऐकूं येतो तेथेंच दोष असतो असें नाहीं. तो मागच्या बाकाखालीं घुमतो आणि नळी टेकलेली असते पुढें, गिअरच्या दांड्याखालीं.

बाजारी सायलेन्सरालाच हें दुखणें अधिक कां जडतें, ह्याचें उत्तर आतां अवघड नाहीं. कंपनीची नळी त्या एकाच गाडीच्या तळाच्या मापानें वांकविलेली असते. बाजारांतील नळी कित्येकदां दोनतीन प्रकारच्या गाड्यांस चालावी अशा बेतानें केलेली असते. वळण दोन अंश चुकलें तर दीड मीटर दूर असलेल्या शेपटाकडे तें ५० मिलिमीटरांहून अधिक चुकलेलें असतें. टांगण्याच्या सळ्या डोळ्यांच्या अंदाजानें जोडलेल्या असतात. कोणी हौसेनें मोठ्या व्यासाची नळी घालतो. नळीचा व्यास १२ मिलिमीटरांनीं वाढला तर दोन्ही बाजूंचें अंतर सहा सहा मिलिमीटरांनीं कमी झालें, हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. डबा जड असला तर जुनीं रबरें लोंबतात. बाजारी वस्तु म्हणजे वाईट, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. ती नीट बसवून घ्यावी लागते, आणि त्या बसविण्याची मजुरी देण्यास आम्ही नाखूष असतों, एवढेंच.

एकोडीच्या एका पालकांच्या गाडीची हकीकत येथें उपयोगी पडेल. गाडी दहा वर्षांची, सायलेन्सर बाजारी. आवाज सुरू झाल्यावर पहिल्या दुकानांत मधली नळी जाड तारेनें तळाशीं आवळून बांधून देण्यांत आली. आवाज दुप्पट झाला. दुसऱ्या दुकानांत नळी आणि तळ ह्यांच्यामध्यें जुन्या टायरचा तुकडा कोंबण्यांत आला. आठ दिवस शांततेचे गेले. नंतर गाडींत जळक्या रबराची दुर्गंधि पसरली. तिसऱ्या दुकानांत सर्व क्लँप होते तसेच जोर लावून आवळले गेले, आणि पुढचा सांधा तडकला. अखेरीस गाडी आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेली. हा तरुण मिस्त्री फारसा बोलका नाहीं. त्यानें हातांत पान्हा घेतला नाहीं, प्रथम प्रश्न केला.

“काका, आवाज केव्हां येतो तें सांगा.”

“अरे बाबा, नेहमींच येतो.”

“नेहमीं येत नसतो, काका. थंड गाडीला येतो का? एकटे असतांना येतो का?”

पालक विचारांत पडले. मग त्यांना आठवलें कीं घरून निघतांना आवाज नसतो, अर्ध्या वाटेवर सुरू होतो. आणि रविवारीं सगळें कुटुंब प्रार्थनेस जातें त्या दिवशीं तो सर्वांत जास्त असतो. मिस्त्रीचें निम्में काम तेथेंच झालें.

वैद्य जसा ताप केव्हां चढतो तें विचारतो तसेंच हें आहे. गाडी तापल्यावर आवाज येऊं लागला तर तो प्रसरणाचा. थंड असतांना येऊन तापल्यावर गेला तर बहुधा एखादी ढिली हीट शील्ड किंवा सांधा, जो तापून फुगल्यावर घट्ट बसतो. गाडी उभी असून इंजिन चालू असतांनाच पत्रा थरथरल्यासारखा चिरका आवाज आला तरीही हीट शील्डवरच संशय घ्यावा. तिचे बोल्ट गंजून भोकें मोठीं होतात. क्लच सोडतांना किंवा जोरानें निघतांना धब् असा एकच ठोका पडला तर इंजिनाची बैठक किंवा पुढची लवचिक नळी पाहावी. केवळ खड्ड्यांत व गतिरोधकांवर आवाज आला तर रबरें. केवळ भरलेल्या गाडींत आला तर मागचा आंस. डब्यांत खडे घालून हलविल्यासारखा आवाज मात्र अगदीं निराळा: त्या वेळीं नळी कोठेंही टेकलेली नसते, कन्व्हर्टरमधील ठोकळी फुटलेली असते किंवा सायलेन्सरांतील पडदा सुटलेला असतो. थंड डब्यावर मुठीनें थोपटलें कीं तें कळतें, आणि त्यास डबा बदलण्यावांचून इलाज नाहीं.

मिस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी पूर्ण थंड झाल्यावर, काम धरलें. तापलेल्या नळीस चुकून हात लागला तर कातडी सोलून निघते, तेव्हां ही घाई कोणींच करूं नये. सपाट जमिनीवर गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांस दगड लावून त्यानें ती जॅकनें उचलली आणि लगेच लोखंडी घोड्यांवर टेकविली. येथें मला विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावयाचें आहे: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं अंग घालूं नये, क्षणभरही नाहीं. जॅक हा गाडी उचलण्यापुरता आहे. तो घसरला तर माणूस वांचत नाहीं. विटांचा थरही चालत नाहीं, वीट अकस्मात् फुटते. ज्या दुकानांत खड्डा किंवा लिफ्ट आहे तेथें हें काम अधिक निर्धोक होतें.

गाडीखालीं गेल्यावर शोधावयाच्या त्या चकाकत्या जागा. सगळीकडे धूळ आणि गंज असतां जेथें धातु घांसून लखलखीत झालेला दिसेल तेथेंच भेट घडत असते. आणि भेट दोघांची असते, तेव्हां तशीच खूण समोरच्या अंगावरही सांपडली पाहिजे. खुणा पुसट असल्या तर एक सोपी युक्ति आहे आणि तिला लागणारें साहित्य आमच्या प्रत्येक वर्गांत पडलेलें असतें. खडूची पूड पाण्यांत कालवून संशयाच्या जागीं तिचा हात द्यावा, ती वाळूं द्यावी आणि गाडी भरून चारपांच किलोमीटर फिरवून आणावी. जेथें खडू पुसला तेथें दोष. ह्या गाडींत दोन ठिकाणीं पुसला होता: मधल्या नळीच्या वळणावर आणि मागच्या आंसाच्या वर.

ह्यानंतर मिस्त्रीनें जें केलें तें तिसऱ्या दुकानदाराच्या नेमकें उलट. त्यानें तार कापली, टायरचा तुकडा काढला आणि पुढच्या तडकलेल्या सांध्याची गॅस्केट बदलून सर्वच्या सर्व क्लँप ढिले केले. नळी जेव्हां सगळीकडून मोकळी होते तेव्हांच ती कोणत्या बाजूस ओढली जात होती हें कळतें. मग नळ्या एकमेकींत फिरवून त्यानें सगळा पसारा मध्यावर आणला, आणि इंजिनाकडून आरंभ करून शेपटाकडे क्रमानें एक एक सांधा आवळत आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. मागून पुढें आवळत गेल्यास सगळी चूक पुढच्या सांध्यांत सांचते आणि तोच सर्वांत अधिक तापणारा सांधा असतो. रबरें त्यानें सर्व एकदम बदललीं. एक नवें आणि तीन जुनीं अशी मिसळ केली तर नळी तिरपी लोंबते. शिवाय थंड स्थितींत त्यानें रबरें अगदीं उभीं न ठेवतां किंचित् पुढें झुकतीं ठेवलीं. असें कां, म्हणून मीं विचारलें तेव्हां तो हंसला आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्हींच तर शिकविलें होतें. तापल्यावर नळी मागें सरकेल, तेव्हां रबर सरळ होईल.” मला त्याचा तास आठवत नव्हता, त्यास आठवत होता.

मधली जागा एवढ्यानें सुटली. आंसाजवळची सुटेना, कारण तेथील टांगण्याची सळईच चुकीच्या जागीं जोडलेली होती. अशा वेळीं सळई पातळ असेल तर तिच्यावर लोखंडी नळी चढवून तरफेसारखी वांकवितां येते. ही जाड होती. म्हणून सायलेन्सर गाडीखालून काढून, सळई कापून, १२ मिलिमीटर बाजूस पुन्हां वेल्डिंग करावी लागली. सायलेन्सर काढून घेण्याचा त्रास पुष्कळ जण वांचवितात आणि गाडीखालींच वेल्डिंग करतात. पेट्रोलची टाकी आणि इंधनाच्या प्लास्टिकच्या नळ्या तेथून हातभर अंतरावर असतात, हें पाहतां मला तें साहस वाटतें, कौशल्य वाटत नाहीं. गत्यंतर नसल्यास निदान बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि वेल्डिंगच्या यंत्राची अर्थ जोड कामाच्या अगदीं जवळ लावावी; नाहीं तर वीज गाडींतील नाजूक सेन्सरांतून वाट काढते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करतांना निघणारा पांढरा धूरही छातीस अपायकारक असतो.

सांधे गळतात कीं काय हें पाहण्यासाठीं साबणाचें पाणी पुरतें. उघड्यावर, थंड इंजिन सुरू करून, शेपटाच्या तोंडाशीं ओल्या फडक्याची घडी कांहीं क्षण हलक्या हातानें दाबावी आणि दुसऱ्यानें सांध्यांवर साबणाचें पाणी सोडावें. गळती असेल तेथें बुडबुडे येतात. सरतेशेवटीं गाडी भरून रस्त्यावर न्यावी. रिकाम्या गाडीवर केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

आतां त्या पहिल्या तीन उपायांविषयीं. तार ही रबराच्या अगदीं उलट वागते: रबर कंपनें गिळतें, ताणलेली तार तीं जशींच्या तशीं पत्र्यास पोंचविते, म्हणजे एकतारीच्या भोपळ्यास तार जोडावी तशांतला हा प्रकार. सायलेन्सर वाटेंत निखळून रस्त्यावर घासूं लागला तर घरीं पोंचेपर्यंत तार बांधावी, तेवढ्यापुरती ती देवाघरची देणगी आहे. पण घरीं आल्यावर सोडावी. लांकूड, चिंध्या, सायकलची ट्यूब कोंबणें म्हणजे तापणाऱ्या नळीच्या अंगावर सरपण ठेवणें होय. जुनी माणसें कधीं ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळीत. तिचे सूक्ष्म तंतु फुप्फुसांत जाऊन कर्करोग उत्पन्न करतात, तेव्हां ती तर हातींही धरूं नये. आणि हलण्यासाठीं बनविलेल्या वस्तूस जागच्या जागीं जखडून टाकलें कीं ती आपली वाट सांधे फोडून काढते. मोठ्या वॉशरनें किंवा स्टीलच्या पट्ट्याच्या क्लँपनें आवळून बांधण्यासारखी वस्तु एकच, ती म्हणजे ढिली झालेली हीट शील्ड. ती उपटून फेकून देण्याची चाल मात्र वाईट. तिच्या वरच कित्येक गाड्यांत इंधनाची नळी किंवा टाकी असते, आणि उन्हाळ्यांत वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणाऱ्यानें तर खालच्या झांपेलाही धक्का लावूं नये.

मागच्या बाकावरील मुलांची गोष्ट वर सांगावयाची राहिली. नळी घांसून झिजली किंवा सांधा तडकला म्हणजे जळका वायु शेपटापर्यंत न जातां गाडीच्या पोटाखालींच सुटतो. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन ह्या वायूस प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून ठेवतें, त्यामुळें श्वास चालू असतांही शरीर प्राणवायूवांचून उपाशी राहतें. कन्व्हर्टर तापून नीट काम करीत असेल तर हा वायु पुष्कळच कमी होतो. पण गळती कन्व्हर्टरच्या अलीकडे असली, किंवा कोणीं तो विकून टाकून साधी नळी बसविली असली, तर संरक्षण उरत नाहीं. जुन्या गाडीच्या तळास गंजून पडलेलीं भोकें असतातच. पावसाळ्यांत कांचा बंद केलेल्या असतात. पोरें डोकें दुखतें म्हणतात, त्यांना मळमळतें, ग्लानि येते, आणि आम्ही म्हणतों, “गाडी लागली.” गाडी लागतेही, नाहीं असें नाहीं. पण मोकळ्या हवेंत उतरतांच सर्वांनाच एकदम बरें वाटूं लागलें, आणि त्याच गाडीच्या खालून फुस् फुस् असाही आवाज येत असला, तर कांचा उघड्या ठेवून थेट मिस्त्रीकडे जावें. गोठ्यांत किंवा बंद खोलींत इंजिन चालू ठेवून काम तर कधींच करूं नये.

कायद्याचेंही येथें दोन शब्द. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० व्या नियमाप्रमाणें प्रत्येक गाडीस आवाज कमी करणारें साधन असलेंच पाहिजे, आणि ११३ व्या नियमाप्रमाणें जळका वायु वाहणारी नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरांच्या आंत असतां कामा नये.  मोठा आवाज करणारे सायलेन्सर हौसेनें बसविणाऱ्या तरुणांस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम १९० माहीत असावें: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसेन्स बाद. महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत पोलिसांनीं असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखालीं चिरडले आहेत. दवाखान्यासमोरून आणि परीक्षेच्या दिवसांत शाळेसमोरून फटफटत जाणाऱ्यांविषयीं मला फारशी सहानुभूति वाटत नाहीं, हें कबूल करतों.

नवा सायलेन्सर घेतांना जुना टाकूं नये, दुकानांत सोबत न्यावा. दोन्ही जमिनीवर शेजारीं शेजारीं ठेवून वळणें, टांगण्याच्या सळ्या आणि एकंदर लांबी दोरीनें मोजून पाहावी. जेथें फरक दिसेल तेथेंच पुढें खडखडाट होणार. दुकानदार घाई करील, करूं द्यावी. बसविल्यावर सुमारें पंधरा दिवसांनीं क्लँप पुन्हां एकदां आवळून घ्यावेत, कारण तापून थंड होण्यांत नवे सांधे जागा घेतात व थोडे ढिले पडतात. वर सांगितलेल्या गाडीचे असेच आवळले, तेव्हां मधला बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरला.

वरच्या इयत्तेंतील मुलांना सुटींत करण्यासारखा एक प्रयोग सुचवितों. सकाळीं गाडी थंड असतांना, सपाट जागेवर, शेपटाच्या नळीचें टोंक मागच्या बंपरपासून किती मिलिमीटर बाहेर आहे तें पट्टीनें मोजून वहींत टिपावें. वडील माणूस गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून परत आला कीं इंजिन बंद करवून, नळीस हात न लावतां, तेंच अंतर पुन्हां मोजावें. ज्यांच्या वहींत दोन आंकडे एकच येतील त्यांनीं गाडीखालीं कोठें तार बांधलेली आहे का तें मिस्त्रीकडून पाहून घ्यावें.